काकू, इथं सही करा

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सगळं बदललं ते आज दुपारी सव्वातीनला. मयुरा जिना चढून आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात आली, माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अतुल, पापीतेला कसं जायचं?"

नऊ वर्षं आम्ही दिल्लीत द्वारकेच्या एकाच सोसायटीत राहतोय. ती तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. नऊ वर्षांत "लिफ्ट बंद आहे का" याच्यापुढे तिने मला काही विचारलं नव्हतं. आज नाव घेऊन विचारलं. ही वही मी त्यासाठीच विकत घेतली आहे. पुढे कधी आम्ही दोघं वाचू तेव्हा हा पहिला दिवस सापडायला हवा.

आतल्या केबिनमधून खुराना साहेब ओरडले, "पपीता? पपीता तो नीचे ठेले पे मिलेगा, बेटा." आणि स्वतःच हसले. मयुरा हसली नाही. तिने पर्समधून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. पापीतेच्या नगरपालिकेचं, फ्रेंचमध्ये होतं. मी फोन धरून भाषांतर वाचत गेलो आणि साहेबांचं हसणं थांबलं.

पापीते हे ताहिती बेटावरचं शहर. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जातं. मयुराचा मोठा भाऊ उदयसिंह तिथे पुरलेला आहे. तो मालवाहू जहाजावर होता. २०२० च्या जूनमध्ये त्याच्या पोटात दुखायला लागलं, जमीन तीन दिवस लांब होती, पापीतेला उतरवेपर्यंत उशीर झाला. लॉकडाऊन होतं, विमानं बंद. तिथेच पुरलं. हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. पत्रात होतं ते माहीत नव्हतं. कबरीची जागा पाच वर्षांसाठी दिलेली असते. १९ जूनला मुदत संपते. त्याआधी आई, वडील किंवा बायको येऊन हाडं ताब्यात घेऊ शकते. नाहीतर ती सगळ्यांच्या सामाईक जागेत हलवतील. मग कुठली कोणाची, ते कळणार नाही.

बायको नव्हती. वडील, सुभेदार संपतराव काटकर, तीन वर्षांपूर्वी गेले. उरल्या काकू.

"आईला जायचंय," मयुरा म्हणाली. "ती ऐकत नाही."

मी म्हटलं, "मैं हूँ ना." का म्हटलं माहीत नाही. हिंदीत का म्हटलं तेही माहीत नाही.

५ फेब्रुवारी

बाबांनी रात्री जेवताना विचारलं, चेहरा का एवढा उजळलाय. सांगितलं, मोठं काम आलंय. बाबा केंद्रातल्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत, त्यांच्या मते काम म्हणजे ज्याला फाइल नंबर असतो ते. म्हणाले, "दुसऱ्यांची तिकिटं काढून देणं हे मोठं काम. बरं."

मी ताट सरकवून उठलो. आई म्हणाली, "बस रे, वरण संपव." बसलो नाही.

खरं लिहायचं तर बीसीएचं चौथं सेमिस्टर मी रागाच्या एका मिनिटात सोडलं. सरांनी वर्गात म्हटलं, तुमच्यासारख्यांना सीट मिळते, अक्कल नाही मिळत. मी प्रॅक्टिकलची फाइल त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. परत गेलोच नाही. सगळे सांगतात माफी माग. कशाची?

पण काल वाटलं, कॉलेजात असतो तर मंगळवारी सव्वातीनला मी त्या खुर्चीसमोर नसतो.

९ फेब्रुवारी, रविवार

काकूंकडे गेलो. पहिल्यांदा आत, हॉलमध्ये, सोफ्यावर. भिंतीवर काकांचा पलटणीतला फोटो, शेजारी उदयदादाचा पांढऱ्या युनिफॉर्ममधला. दोघांना एकच हार.

मी मार्ग समजावला. दिल्ली, सिंगापूर, ऑकलंड, पापीते. काकूंनी चष्मा लावून माझ्या कागदाकडे पाहिलं. त्या साताऱ्याकडच्या, शाळा तिसरीपर्यंत. काकांबरोबर झाशी, जम्मू, तेजपूर, दिल्ली कँट असं फिरून त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे, पण वाचायचं म्हटलं की बोट ठेवून वाचतात.

"ऑकलंडहून शनिवारी दुपारी निघायचं," मी म्हटलं, "आणि पापीतेला शुक्रवारी रात्री पोहोचायचं."

"असं कसं?"

"मध्ये एक रेषा आहे, काकू. ती ओलांडली की दिवस मागे जातो."

त्यांनी कागदावर पुढे बोट सरकवलं. मग म्हणाल्या, "अजून पुढं गेलं तर अजून मागं जाता येतं का?"

मयुरा पटकन स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, "नाही काकू, एकच दिवस."

चहा पिताना मी विचारलं की तिथे जाऊन त्यांना नक्की काय करायचंय, अर्जात लिहावं लागेल. त्या म्हणाल्या, "आमच्यात तान्हं बाळ गेलं तर पुरतात. दात न आलेलं. माझा उदय एकोणतीस वर्षांचा होता. त्याला तान्ह्यासारखं मातीत ठेवलंय, अग्नी नाही, पाणी नाही. त्याला उचलून आणायचाय. कृष्णेत सोडायचाय. बस्स, एवढंच लिही."

मी लिहिलं. मयुरा दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "थँक्स, अतुल. तू नसतास तर मला कुठून सुरुवात करायची तेच कळलं नसतं."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

१३ फेब्रुवारी

प्लॅन असा. जहाज कंपनी दोन नातेवाइकांचा प्रवास देतेय. तिसरा मी. माझं मी बघेन, साहेब एजंटच्या सवलतीत बसवतो म्हणालेत. काकूंना खिडकी. मधे मयुरा. कडेला मी. अकरा-बारा तास सिंगापूर ते ऑकलंड. माणूस झोपला की मान कुठेतरी कलतेच.

फ्रेंच शिकतोय. बोंजूर. मेर्सी. स्मशान म्हणजे सिमतिएर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज एक गोष्ट कळली, ती कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून इथे.

मयुराने कागदांची फाइल दिली. मी एकेक स्कॅन करत होतो. मयुराच्या पासपोर्टवर आईचं नाव माधवी. काकूंच्या पासपोर्टवर माधवी संपतराव काटकर. काकांच्या पेन्शनच्या कागदावर पत्नी माधवी. आणि उदयदादाच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर, जहाजाच्या नोकरीच्या पुस्तकात, सगळीकडे आईचं नाव ठकूबाई.

तीन वेळा पाहिलं. ठकूबाई.

म्हणजे उदयदादा काकांच्या पहिल्या बायकोचा. नीट जुळतं. दादा आणि मयुरामध्ये सहा वर्षांचं अंतर आहे. जन्म गावाकडच्या ग्रामपंचायतीत नोंदवलेला, मयुरा मिलिटरी हॉस्पिटलची. ती पहिली बाई वारली असेल किंवा काय झालं असेल. आणि काकूंनी कधी कोणाला कळू दिलं नाही. मयुराला तरी माहीत असेल का? मला वाटतं नसेल. ती इतक्या सहज "माझा दादा" म्हणते.

आज काकूंबद्दल मला जे वाटलं ते आधी कोणाबद्दल वाटलं नव्हतं. दुसऱ्या बाईच्या मुलासाठी ही बाई पृथ्वीच्या पाठीमागे चाललीय.

कोणाला विचारणार नाही. आईलाही नाही. घरच्या अशा गोष्टी विचारल्याने माणसं दुखावतात. मी गप्प बसून निभावून नेईन, आणि कधीतरी मयुराला कळेल की मला सगळं माहीत होतं आणि मी ते सांभाळलं.

२० फेब्रुवारी

काकूंचे फोटो काढायला गेलो होतो, व्हिसाचे, पांढऱ्या भिंतीपुढे. त्यांनी कपाटातून दुसरी साडी काढली आणि काढता काढता लग्नाचं सांगायला लागल्या. पोरगेलेसा शिपाई, दहा दिवसांची रजा, त्यातच लग्न. ताटात तांदूळ पसरलेले आणि काकांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं.

"मला कुठं वाचायला येत होतं नीट. आत्याबाईंनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, बरं. आहे ते आहे." हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "त्यांना ते नाव फार आवडायचं. पलटणीतल्या कुठल्या साहेबाच्या मेमसाबचं होतं म्हणे."

मग उदयदादाचं निघालं. काका तेव्हा सीमेवर होते, तार पोहोचायला आठ दिवस लागले. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी. मामाने पेढे वाटले, मामानेच पंचायतीत जाऊन नोंद केली. "शंभूदादाला केवढा आनंद. त्याला वाटलं त्यालाच झालाय."

त्या इतकं बारीकसारीक सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं खरंच त्यांच्याच पोटचा. मी मान खाली घालून कॅमेरा नीट करत राहिलो.

घरी येऊन मी ताटात तांदूळ घेतले. अंगठी नव्हती, किल्लीने लिहिलं. मयुरा. म ला वळण नीट येत नाही, दाणे सरकतात. दोनदा पुसलं. आई मागे उभी होती ते कळलंच नाही.

"काय चाललंय?"

"काही नाही. निवडतोय."

"किल्लीने?" तिने ताट घेतलं. नाव वाचलं असणार. कुकर लावताना फक्त म्हणाली, "अत्तू, तुला कोणी काही म्हटलंय का, की तुझं तूच?"



२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी मयुरा गुडगावच्या तिच्या नोकरीवरून परस्पर आमच्या ऑफिसात आली. तिसऱ्या प्रवाशाचं नाव द्यायचं होतं. मी फॉर्म उघडून बसलो होतो, माझं नाव टाइप करूनसुद्धा ठेवलं होतं.

ती म्हणाली, "तिसरा सुजय. तो ऑकलंडला भेटेल आम्हाला. तेव्हा त्याचं जहाज तिथे असेल."

"कोण सुजय?"

"दादाचा मित्र. त्याच जहाजावर होता. मी सांगितलं नव्हतं का? गेली दोन वर्षं तोच सगळीकडे पत्रं लिहितोय. पत्ता त्यानेच शोधला." आणि मग तिने हातातली अंगठी उगाच फिरवली. ती अंगठी मी आधी पाहिली नव्हती.

मी विचारलं, "तो येऊन काय करणार? मी आहे ना. मार्ग मी काढला, कागद मी केले."

"तू कशाला येशील, अतुल? तुझं काम केलंस तू."

बस्स. मी लॅपटॉप बंद केला. जोरात केला असेन. साहेब बाहेर आले. मी म्हटलं, "मग त्या सुजयकडूनच करून घे पत्र. आम्ही काय, फॉर्म भरणारे."

ती उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "नगरपालिकेला जाणारं पत्र पाठवायच्या आधी मला दाखव. प्लीज. एकदा मी वाचते, मग पाठव."

"तुला विश्वास नाही?"

"तसं नाही. दाखव फक्त."

ती गेल्यावर साहेब म्हणाले, "बेटा, ये ग्राहक है." मी त्यांच्यावरही ओरडलो. ते एक ग्लास पाणी ठेवून गेले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र तयार केलं. रागात बसलो होतो पण पत्र चांगलं झालं. शेवटी ते काकूंसाठी आहे, तिच्यासाठी नाही. इंग्रजीत लिहिलं, खाली फ्रेंच. नातं या रकान्यात स्पष्ट लिहिलं: सावत्र आई. लपवलं असतं तर दोन नावं बघून त्यांनी अर्ज फेकला असता, एवढं मला कळतं. आणि एक परिच्छेद वर घातला, माझ्या मनाने. या बाईने मृताला जन्म दिलेला नाही, पण जन्म देणारी जे करते ते सर्व केलं, आणि आज त्याचं या जगात तिच्याशिवाय कोणी नाही. लिहिताना माझे डोळे भरून आले. साहेबांनी वाचलं, म्हणाले, "दिल से लिखा है."

दुपारी काकूंकडे गेलो, मयुरा ऑफिसात असते त्या वेळी. मुद्दाम. दाखवणार नाही म्हणजे नाही. काकू मेथी निवडत होत्या. हात पुसून आल्या.

"काकू, इथं सही करा. आणि इथं."

"काय लिहिलंय रे?"

"तुम्ही कोण आहात ते लिहिलंय."

त्यांनी पेन धरलं आणि एकेक अक्षर काढत सही केली. माधवी संपतराव काटकर. रेघ ओढताना त्यांची जीभ दातांत असते, लहान मुलीसारखी. मग दोन्ही हातांनी कागद कपाळाला लावला आणि मला दिला.

चार वाजता ईमेल केलं. मयुराला मेसेज टाकला, झालं काम.

तिने उत्तर दिलं, "दाखवणार होतास."

१३ मार्च, होळी

काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या. डबा परत द्यायला गेलो तर हॉलमध्ये बॅग उघडी. एवढ्यात भरताहेत. तांब्याचा छोटा कलश, नवं धोतर, तीळ, लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"तिकडं उकाडा असतो का?"

"बारा महिने, काकू."

"मग त्याला थंडी वाजली नसेल," त्या म्हणाल्या आणि स्वेटर बॅगेतून काढून ठेवला. तो त्यांचा नव्हता. पुरुषी होता.

२ एप्रिल, बुधवार

उत्तर आलं. भाषांतर चार वेळा केलं, दरवेळी तेच. सावत्र आईला हक्क नाही. हक्क जन्मदात्या आईचा. कागदांवरून तिचं नाव ठकूबाई. ती हयात असल्यास तिचा अर्ज, नसल्यास मृत्यूचा दाखला पाठवावा.

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. पण मार्ग आहे. ठकूबाईंना शोधायचं. वारल्या असतील तर दाखला काढायचा, जिवंत असतील तर पाया पडून सही आणायची. मयुराला कळू न देता. हे मी करून दाखवलं तर सुजयने दोन वर्षं पत्रं लिहून काय केलं?

३ एप्रिल, गुरुवार

आज सगळं क्रमाने लिहितो.

जन्मदाखल्यावर गावाचं नाव आहे, माण तालुक्यातलं. खबर देणाऱ्याचं नाव शंभू. ग्रामपंचायतीचा नंबर इंटरनेटवर मिळाला. तिथल्या क्लार्कने सांगितलं, शंभूआबा इथंच कट्ट्यावर बसलेत, देतो. मला वाटलं माझं नशीब उघडलं.

म्हातारा आवाज, मोठा. "कोन बोलतंय?"

"दिल्लीहून बोलतोय, आबा. एक चौकशी होती. तुमच्या गावच्या ठकूबाई. उदयसिंह संपतराव काटकर याची आई. त्या हयात आहेत का?"

"ठकी?" ते हसले. "हाय की. माझी धाकली भन हाय ती. तिला काय धाड भरलीय?"

"कुठे असतात त्या?"

"अवो दिल्लीलाच असती. दिल्लीसनंच बोलताय न्हवं तुमी? द्वारका का काय म्हंत्यात तिथं, पोरीजवळ."

ते बोलत राहिले.

"तिकडं तिला माधवी म्हंत्यात. पावण्यांनी लग्नात नाव बदललं न्हवं का, तांदळात लिवून. आमच्या त्वांडात ठकीच बसलंय. पोरगं हितंच झालं, नोंद म्याच केली. मी आपलं लिवून दिलं, आई ठकूबाई. मला कुठं आठवतंय त्या टायमाला नवं नाव." मग त्यांचा आवाज बदलला. "तिची तब्येत बरी हाय न्हवं? तुमी कोन?"

मी फोन ठेवला.

आमच्या घरी आईचं नाव लग्नाआधी मीराबाई, नंतर मीराबाई. अख्ख्या शाळेत, कॉलेजात, दिल्लीत मला कोणी सांगितलं नाही की एका बाईची दोन नावं असू शकतात. आता आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हो, त्यांच्याकडे बदलतात. तांदळात लिहितात ते नवं नावच तर असतं. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी लिहून पाठवलं आहे. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. आणि त्याखाली काकूंची सही घेतली.

४ एप्रिल

मयुराला सांगितलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्या उभ्या. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती स्कूटीच्या सीटवर बसली आणि पत्र वाचलं. तो परिच्छेद दोनदा वाचला असावा, कारण खूप वेळ लागला.

"या बाईने मृताला जन्म दिलेला नाही," तिने मोठ्याने वाचलं. बस, तेवढंच वाक्य.

मी म्हटलं, दुरुस्त करू. अॅफिडेव्हिट, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र, मामाचा जबाब, सगळं करू.

"करू," ती म्हणाली. "आईला आत्ता काही सांगू नकोस. कागद अडकलेत, एवढंच. पण सांगायची वेळ आली तर तू सांगायचं. मी नाही सांगणार."

१४ एप्रिल

बाबा आणि आई जयंतीच्या कार्यक्रमाला गेले. दरवर्षी मी पुढे असतो. या वर्षी घरी बसून नोटरीचे कागद नंबरवार लावले. एक स्त्री, दोन नावं. मामांनी गावाहून अंगठा आणि सही दोन्ही पाठवलं. सातवीपर्यंत शिकलेत, पण म्हणाले, "अंगठा लोकांना खरा वाटतो."

बाबा परत आले तेव्हा मी टेबलावरच होतो. त्यांनी कागद उचलले, चष्मा कपाळावर ढकलून वाचले आणि दोन ठिकाणी पेन्सिलने खूण केली. "इथे तारीख हवी. इथे 'उर्फ' हवं." सकाळी टेबलावर एक नवी फाइल होती, दोरीची, सरकारी.

६ मे

सुजय आला, सुट्टीवर. साक्षीदार म्हणून सही करायला ऑफिसात. मी भांडायच्या तयारीत होतो. पण तो बुटका, टक्कल पडत चाललेला, हळू बोलणारा माणूस निघाला. त्याने मला दोष दिला नाही. त्याने सांगितलं की त्या वेळी कोणालाच जहाजावरून उतरू देत नव्हते. उदयला घेऊन जाणारी गाडी त्याने डेकवरून पाहिली. बंदराच्या वर टेकडी आहे, तिथवर रस्ता दिसतो. गाडी वळणामागे जायची, परत दिसायची. शेवटच्या वळणानंतर दिसली नाही.

"मी हात वर करून उभा होतो," तो म्हणाला. "कुणाला दिसणार होता, यार. पण खाली करवेना."

जाताना मयुराने त्याच्या शर्टाच्या कॉलरवरचा दोरा काढला. मी खिडकीकडे बघितलं. खाली ठेल्यावर पपई होत्या, कापून ठेवलेल्या.

१३ जून, शुक्रवार

दुसरं उत्तर आलं. एकाच व्यक्तीने सहीनिशी दोन परस्परविरोधी निवेदनं दिली आहेत. पहिल्यात ती म्हणते जन्म दिला नाही, दुसऱ्यात म्हणते दिला. खरं कोणतं ते त्यांचं न्यायालय ठरवेल. तोवर हाडं ताब्यात देता येत नाहीत, आणि मुदत वाढवता येत नाही. १९ जूनला ती सामाईक जागेत जातील. त्यांनी दिलगिरी लिहिली आहे. बरी भाषा आहे. मी लिहिली त्यापेक्षा बरी.

१५ जून, रविवार

आज सकाळी अकराला वर गेलो. मयुरा मुद्दाम बाहेर गेली होती. दार काकूंनीच उघडलं. बॅग दाराशीच होती, मार्चपासून. तिच्यावर रुमाल टाकलेला, धूळ बसू नये म्हणून.

त्या म्हणाल्या, "तारीख मिळाली का रे?"

मी सगळं सांगितलं. दाखल्यापासून. मधे थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. शंभूमामांचा फोनही सांगितला, शुक्रवारचं उत्तरही. त्या ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त एकदा त्यांनी साडीचा पदर गुडघ्यावर सरळ केला.

"त्या दिवशी मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "काय लिहिलंय म्हणून."

"हो."

"तू म्हणालास, तुम्ही कोण आहात ते."

मी मान हलवली.

"मग मी कोण असं लिहिलं होतंस?"

त्यांनी वाट पाहिली. मी तो शब्द सांगितला. त्यांनी उदयदादाच्या फोटोकडे पाहिलं नाही, मला वाटलं होतं बघतील. माझ्याकडेच बघत राहिल्या. मग उठल्या, मयुराच्या टेबलावरून वही घेतली, मागचं पान फाडलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"लिहून दे. ठकूबाई. मोठ्या अक्षरात. मला ते लिहायचं ठाऊक नाही, लग्नाआधी सही कुठं लागली."

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या अक्षरांखाली ते नाव काढलं. ठ चा गोल मोठा झाला, कू ची शेपटी खालच्या ओळीत गेली. दुसऱ्यांदा काढलं. तिसऱ्यांदा जीभ दातांत धरून. पाचव्या की सहाव्या वेळी नाव नीट उभं राहिलं. तेव्हा खाली त्यांनी स्वतःच्या मनाने, मला न विचारता, तीन शब्द लिहिले. उदयसिंहची आई आहे.

सही केली. मग दोन्ही हातांनी कागद कपाळाला लावला आणि माझ्याकडे दिला, त्या दिवशीसारखाच.

"हे पाठव."

मी म्हणू शकलो असतो, काकू, आता कुठे पाठवायचं. शुक्रवारचं ईमेल माझ्या खिशात होतं. एरवी मला राग यायला एक मिनिट पुरतं, आज मी सगळीकडे राग शोधला आणि कुठेच सापडला नाही.

म्हटलं, "पाठवतो."

"नीट बघून पाठव," त्या म्हणाल्या. "पाठवायच्या आधी मयूला दाखव."

कागद घडी न घालता, सपाट हातावर धरून मी उठलो. बॅगेला पाय लागू नये म्हणून कडेने गेलो. बाहेर आलो, वळलो. त्या तिथेच बसल्या होत्या, पेनाचं टोपण शोधत. मी दार ओढून घेतलं.